आप्पांची हाळी

मी पळायला कधी शिकले असं कुणी विचारलं तर मी सांगते, भ्यायला शिकले त्याच आठवड्यात. लोक हसतात. हसा बापडे. आता माझे गुडघे कुरकुरतात, रंकाळ्याच्या काठानं मी चालते जास्त आणि पळते कमी, तरी मागून कुणी जोरात पावलं वाजवत आलं की मी अजून दचकतेच. मी बाजूला होते, त्याला पुढं जाऊ देते आणि मग श्वास सोडते. पळणारा पोरगा 'थँक्यू काकी' म्हणून निघून जातो. त्याला वाटतं, काकींनी वाट दिली.

आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. घर कुठं संपतं नि गोठा कुठं सुरू होतो हे म्हशींनाही माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकी होती. आई भाकरी थापायला बसली की त्या खिडकीतून आमची म्हस चंद्री तोंड आत घालायची, आणि तव्यावरची पहिली भाकरी तिची असायची. मला भावंडं नव्हती, मी एकटीच, त्यामुळं माझं भांडण व्हायचं ते चंद्रीशी. पहाटे जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या बादलीत धार कडक वाजते, बादली भरत आली की आवाज मऊ होतो, आणि तो मऊ झाला की उठायचं, तांब्यात धारोष्ण दूध घ्यायचं आणि उभ्यानं प्यायचं, फेसाची मिशी न पुसता. गोठ्याचा वास माझ्या वह्यांनाही यायचा. शाळेत पोरी नाक दाबायच्या. मी म्हणायचे, चहा कशाचा पिता गं मग, पावडरचा?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. परगावच्या माणसाला सांगितलं की त्याला वाटतं शर्यत असेल. शर्यत नसते. म्हशीला धुऊन, तेल चोपडून, शिंगं रंगवून, कवड्यांची माळ आणि मोरपिसं बांधून रस्त्यावर आणायचं आणि मालकानं हाळी देऊन तिच्या पुढं पळायचं. आजूबाजूला माणसांचा समुद्र, हलगी, फटाके, सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली. त्या सगळ्या कल्लोळात तिनं फक्त मालकाचा आवाज धरून त्याच्या मागं धावायचं, ही परीक्षा. प्रत्येक घराची हाळी वेगळी. आमची आजोबांपासून चालत आलेली. पोटातून लांब 'आऽऽऊऽऽ' आणि शेवटी जिभेवर 'हुर्रर्र हुर्रर्र'. रेडकू असल्यापासून म्हशीला ती शिकवतात. हाळी द्यायची, पळायचं, रेडकू मागं आलं की मुठीतली पेंड चारायची. हाळी, पळणं, पेंड, हे तिन्ही तिच्या डोक्यात एकाला एक बांधलेलं असतं. माझ्याही डोक्यात बांधलं गेलं होतं, कारण चंद्री रेडकू होती तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते, आणि माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या हाळीवर गल्लीतून आम्ही दोघी पळायचो. पेंड तिला, गूळ मला.

मग तो पाडवा आला. आप्पा पुढं, चंद्री मागं, आणि मी तालमीच्या कट्ट्यावर चढून ओरडत होते. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चंद्री बुजली असं लोक म्हणतात, पण ती बुजली नव्हती, नुसता तिचा वेग वाढला. डांबरावर खुरांचा आवाज जड होत गेला, तो कट्ट्यातून माझ्या तळपायाला लागायला लागला, आणि आप्पा पडले. चंद्री त्यांच्यावरून गेली. "धरा, धरा!" असा ओरडा झाला. मला आप्पा दिसेनात, फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या. आप्पा दवाखान्यातून आले तेव्हा त्यांचा उजवा गुडघा प्लॅस्टरमध्ये होता. तो पुढं कधी सरळ झालाच नाही. ते म्हणाले, "रस्त्यावर फुलवाल्याची फुलं पडली हुती, पाय घसरला." म्हस विकून टाका असं भाऊबंद म्हणाले, तर आप्पा त्यांच्यावरच खेकसले, "तिची काय चुकी? तिनं हाळी ऐकली, ती पळाली." चंद्रीला त्यांनी विकलं नाही. पण हाळी देणं सोडलं. त्या दिवसानंतर तो आवाज आमच्या घरात कुणी ऐकला नाही.

आणि मला खुरांचा आवाज सोसेना. गवळ्याच्या घरात ही केवढी पंचाईत! समोरून म्हस आली तर चालायची; मागून आली की नको व्हायचं. आमची गल्ली अरुंद, आणि सकाळी सगळ्या घरांच्या म्हशी एकदमच नदीच्या घाटावर धुवायला निघायच्या. मी त्या वेळी पेठेत दुधाचं वाटप करायला गेलेली असायचे. म्हशी सुटायच्या आत घर गाठलं नाही तर त्या गल्लीभर मागं यायच्या. मग मी पळायचे. रिकामी किटली खणखणत, चप्पल हातात, जीव मुठीत. पुढं पुढं वाटप आटोपलं की घराकडं न येता उलट्या दिशेला सुटायचे आणि रंकाळ्याला वेढा घालून, गल्ली रिकामी झाल्यावरच परत यायचे. आई म्हणायची, "पोरगी व्यायाम करती." म्हणू दे की, मी काय सांगणार होते?

रेश्मा मुल्ला मला तिथंच भेटली. ती गडमुडशिंगीची, वडील शिंपीकाम करायचे. ती शहरात मावशीकडं राहून कॉलेज शिकत होती आणि वडिलांनी शिवलेली ट्रॅक पँट घालून रंकाळ्यावर पळायची. एक दिवस मला गाठून म्हणाली, "काय गं, कोन मागं लागलंय काय तुझ्या?"

"कोन न्हाय."

"मग अशी पळतीस काय, जीव घेऊन? दमानं पळ की. बरोबर पळू."

बरोबर पळायला लागल्यावर पळणं गोड वाटायला लागलं, हे खोटं कशाला बोलू. रेश्माची बडबड अखंड चालू असायची, त्यामुळं मागचं काही ऐकूच यायचं नाही. तिच्याच नादानं मी शहरातल्या मोठ्या रस्त्यावरच्या शर्यतीत नाव घातलं. बंदूक उडाली, आम्ही निघालो, आणि माझ्या मागं शेकडो बूट डांबरावर आपटायला लागले. एवढंच झालं. पण माझ्या डोळ्यांपुढं तालमीचा कट्टा आला, आणि मी बाजूच्या गटारीपाशी बसून ओकले. शर्ट घामानं भिजला होता आणि दात थंडीनं वाजत होते. रेश्मा शर्यत सोडून माझ्यापाशी आली. मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मग डोंगरात जाऊ. तिथं मागं कोन नसतंय."

असं आमचं डोंगरात पळणं सुरू झालं. रविवारी जोतिबाच्या डोंगरावर, नाहीतर पन्हाळ्याच्या पायवाटांनी. डोंगरात पाऊल वाजत नाही, माती ते गिळून टाकते. मला तिथं इतकं मोकळं वाटायचं की चढ चढताना मी गाणी म्हणायचे. घरी येऊन मी भाकरी, खर्डा आणि दह्याचं वाडगं घेऊन बसले की आई समोर बसून माझे ओरखडे मोजायची आणि मग मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. आप्पा दारातून बघत राहायचे. एकदा रेश्मानं पळताना खायची जेलची पुडी आणली. आईनं बोटावर घेऊन वास घेतला, "शेंबडासारखं हाय की गं हे!" म्हणाली, आणि तेव्हापासून आम्हा दोघींच्या खिशात तिनं केलेली शेंगदाण्याची चिक्की असायची.

मग गारगोटीच्या पलीकडं जंगलातल्या मॅरेथॉनचं निघालं. डोंगराची पूर्ण बेचाळीस किलोमीटरची शर्यत, आमची पहिली. पावसाळ्यानंतर दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. शर्यतीच्या सकाळी एक वनरक्षक ओट्यावर चढला आणि म्हणाला, "पावणं, नीट ऐका. हितं गवं हायत. गवा दिसला तर थांबायचं. पळायचं न्हाय, वरडायचं न्हाय. हळू बाजूला व्हायचं आन् त्येला वाट द्यायची." एकानं विचारलं, फोटो काढला तर चालेल का? तो म्हणाला, "घरच्यास्नी एकदा फोन लावा, मग काढा." सगळे खदखदून हसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी रेश्माला म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, "अगं, एवढी माणसं बघून गवं कवाच पळालं असतील." तिचंही बरोबर होतं. पण त्यानं थांबायचं सांगितलं, तेच माझ्या डोक्यात बसलं. जनावरापुढून पळता न आलेल्या माणसाचं काय होतं ते मी बघितलं होतं.

निम्म्याच्या वर अंतर आम्ही बरं पळालो. माणसं पांगली, पुढचे पुढं गेले, मागचे मागं राहिले. कारवीच्या झुडपांना बांधलेल्या केशरी फिती बघत आम्ही उतरत होतो, आणि एका दगडावरून रेश्माचा पाय मुरगळला. ती मटकन वाटेतच बसली. घोटा बघता बघता सुजला. मी तिला पाणी दिलं आणि पुढं वळणावर जाऊन बघते म्हटलं, पाणी वाटणारी पोरं दिसतात का. वळणावर कुणी नव्हतं. परत फिरले आणि जागच्या जागी थिजले. माझ्या नि रेश्माच्या मध्ये, वाटेवर, गवा उभा होता. केव्हा आला, कुठून आला, काही ऐकू आलं नाही. काळंभोर धूड, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि तोंड रेश्माकडं. रेश्मानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. जनावरानं फुस्सदिशी श्वास सोडला, पुढचा पाय मातीत घासला, आणि मान खाली घातली.

वनरक्षकाचं एकही अक्षर मला आठवलं नाही. माझी बोबडी वळली होती. आणि त्या वळलेल्या बोबडीतून, देवाशप्पथ मी ठरवलं नव्हतं, आप्पांची हाळी बाहेर पडली. लांब 'आऽऽऊऽऽ' आणि शेवटी 'हुर्रर्र'. दुसरी कुठलीही पोरगी असती तर किंचाळली असती, दगड मारला असता. गवळ्याची पोर जनावराला बोलवायचा आवाज काढून बसली! डोंगरात तो आवाज घुमला, आणि जनावरानं मान उचलली. वळलं. माझ्याकडं तोंड करून दोन पावलं पुढं आलं. हाळी दिली की पळायचं, हे माझ्या पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. अंगातला कणन् कण पळ म्हणत होता. आणि पळाले तर ती खुरं माझ्या मागं येणार, हेही त्याच पायांना ठाऊक होतं. पाय हलेनात. मी थांबले असं कुणी म्हणू नका. मला पळताच आलं नाही. गरम गरम काहीतरी मांडीवरून बुटात उतरलं. त्यात लपवायचं काय, तुम्ही असता तर तुमचंही उतरलं असतं.

अशी मी उभी, आणि ते समोर. इतकी वर्षं मी भ्यायचे ते जनावर पाठीमागं ऐकत आले होते, तोंडासमोर कधी बघितलंच नव्हतं. ओलं नाक, त्यावर माश्या, आणि वास आमच्या गोठ्याचा. माझी नजर सवयीनं मागच्या पायांच्या मध्ये गेली. कास होती. भरलेली होती. म्हणजे ही मादी, आणि नुकतीच व्यालेली. आणि व्यालेली म्हस वाट अडवून का उभी राहते हे आमच्या घरात मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिच्या पलीकडं बघितलं. रेश्माच्या पाठीमागं कारवी हलत होती, आणि पानांतून तांबूस कातडीचं पिल्लू तोंड बाहेर काढून बघत होतं. रेश्मा आईच्या नि लेकराच्या बरोबर मध्ये बसली होती, आणि तिला ते माहीत नव्हतं.

मोठ्यानं सांगावं तर ही बिथरेल, आणि सांगितलं नाही तर पिल्लू पुढं येईल. मग आप्पा व्यालेल्या म्हशीजवळ जाताना जसे बोलत, खालच्या आवाजात, शब्दाला शब्द लावून, तसं मी बोलायला लागले. "हो गं बाई, हो. तुझंच हाय, कोन न्हेत न्हाय. हो." तिचे कान माझ्याकडं फिरले. त्याच आवाजात, तोच सूर धरून मी म्हणाले, "रेश्मे, उठू नकोस. बसल्या बसल्या सरक. उताराकडं. पिल्लू हाय तुझ्या मागं. बघू नकोस, सरक." रेश्माचे डोळे पांढरे झाले. पण ती सरकली. हातांवर जोर देऊन, सुजलेला पाय ओढत, वीत वीत करत वाटेवरून खाली उतारावर गेली. मी बोलत राहिले. काय काय बोलले कुणास ठाऊक, चंद्रीच्या पहिल्या वेतापासून सगळं सांगितलं असेल. वाट मोकळी झाली तसं पिल्लू उडी मारून आलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. तिनं त्याला हुंगलं. मग माझ्याकडं एकदा बघितलं, आणि दोघं झाडीत गेली. जातानाही पायांचा आवाज आला नाही.

मी खाली बसले ती उठेचना. रेश्मा उतारावरून हुंदके देत होती, आणि मधेच रडता रडता म्हणाली, "तू तिला बोलावलंस व्हय गं? बोलावलंस?" मागून फिती सोडवत येणारी शेवटची पोरं आली, त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. शर्यत तिथंच संपली.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आप्पा गोठ्यात धार काढत होते, वाकडा पाय एका बाजूला पसरून. मी काही लपवलं नाही, चुलीपुढं बसलेल्या आईला खिडकीतून ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. आई पिठाच्या हातानंच बाहेर आली. "झालं तेवढं लई झालं. पळणं बंद. उद्यापासनं दूध वाटायचं आन् नीट घरला यायचं. मला एकच पोरगी हाय, चार न्हाईत." तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, बरोबर आहे हिचं. त्या क्षणी मला सगळं सोडायचं होतं, डोंगर, बूट, सगळं. मी म्हटलंही, "व्हय, बंद."

आप्पांनी धार थांबवली. "हाळी दिलीस?"

"तोंडातनं गेली."

"आन् वळली ती?"

"वळली."

"मग तू मागं बघितलंस?"

"न्हाय. मी पळालेच न्हाय तर मागं कशाला बघू?"

आप्पांनी बादली बाजूला सारली. मग म्हणाले, "मी घसरलो नव्हतो." आईनं पदराला हात पुसायला घेतला होता तो तसाच राहिला. "फुलं न्हाईत आन् काय न्हाय. खुरांचा आवाज लई जवळ आला. वाटलं, आता अंगावर येती. भ्यालो. वळून बघितलं, आन् पाय थांबलं. ती कशी थांबल?"

"आन् मी इतकी वर्सं त्या फुलवाल्याला शिव्या घालाय लागलेय!" आई म्हणाली.

"तुम्ही भ्याला हुता?" मी विचारलं. माझा विश्वासच बसेना. पेठेत आप्पांच्या पळण्याचं नाव घेत माणसं.

"दर पाडव्याला. आदल्या दिवसापासनं पोट बिघडायचं माझं. इचार हिला."

"मला म्हणायचे, तुझ्या चकल्या बाधल्या," आई म्हणाली, आणि तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तिनं पदर डोळ्यांना लावला. हसत होती का रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. आप्पा मला म्हणाले, "भ्या वाटतंय म्हणून तर माणूस पळतंय की, पोरी. न्हाय तर चालत गेला नसता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटप करून आले. आज गल्लीतून म्हशी सुटायच्या आत घरात शिरायचं आणि दार लावून बसायचं, एवढंच ठरवलं होतं. पण दारात आप्पा काठी टेकून उभे होते. त्यांनी माझ्या हातातली किटली घेतली आणि म्हणाले, "घाटापतोर. मागं बघायचं न्हाय." मी म्हटलं, आप्पा, नको. खरंच म्हटलं, हात जोडले. तोवर आप्पांनी काठीनं गोठ्याचं फाटक उघडलं होतं. माझ्या पाठीमागं खुरं फरशीवर वाजली, मग डांबरावर. आणि त्याच्या वरून, इतक्या वर्षांनी, आप्पांनी हाळी दिली. आवाज जरा चिरका झाला होता, पण तोच. गल्लीतली माणसं दारात आली. आतून आई ओरडली, "अवं, काय करताय!" आणि माझे पाय सुटले.

मी पळाले. भीती तसूभरही कमी नव्हती, मानेवर श्वास लागतोय असं वाटत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोपऱ्यावरून वळले. पण मान वळवली नाही. घाटाच्या पायऱ्यांवर येऊन थांबले तेव्हा कुठं मागं फिरले. बाकीच्या म्हशी रमतगमत लांबून येत होत्या. चंद्री मात्र माझ्यापाशी येऊन धापा टाकत उभी होती. आता तीही म्हातारी झाली होती. तिनं ओलं नाक पुढं केलं आणि माझ्या मुठीला लावलं. हाळी झाली, पळणं झालं, आता पेंड पाहिजे होती तिला. मूठ रिकामी होती. मी अंगातल्या जर्किनचे खिसे चाचपले, तर कालची, शर्यतीत खायची राहिलेली आईची चिक्की सापडली. ती तिच्यापुढं धरली. चिक्की खाऊन झाली तरी मी हात मागं घेतला नाही, मग तिनं हातच चाटून घेतला.